फुगवट्यावरची गुणगुण

नवऱ्याची साखर वाढली तेव्हा मी व्यायामांची यादी केली होती. चालणं, योगासनं, बॅडमिंटन. तिन्ही ओळी महिनाभरात खोडाव्या लागल्या. चौथी ओळ त्यांनी स्वतः लिहिली: हायड्रोफॉइल बोर्ड. म्हणजे एक फळी, तिच्या पोटाखाली मीटरभर खांब आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे पंख. हातातल्या शिडात वारा भरला की फळी पाण्यावर उचलली जाते आणि माणूस अधांतरी उभा राहून पुढे जातो. चोपन्नाव्या वर्षी ते यासाठी गजर न लावता उठू लागले. ही ओळ मी खोडली नाही.

दसऱ्याला स्कूटर, मिक्सर आणि शिलाई मशीनबरोबर बोर्डाचीही पूजा केली. त्याच आठवड्यात इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटला तो घासला. पुढच्या रविवारी धरणाच्या फुगवट्यावर तो गुणगुणायला लागला. माझा संशय अर्थातच गेटवर.

तिथे जाळी लावणारे एक म्हातारे बाबा होडी घेऊन जवळ आले.

"ताई, ह्या आवाजानं मच्छी पळती. पुढल्या रविवारी बी वाजलं, तर साहेबांनी इथं उतरायचं नाय."

"किती लांबून ऐकू येतो?" मी वही काढली.

"पाण्याखालून लय लांब."

त्यांनी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा माझ्या कानाला लावला. कुणीतरी तोंड मिटून आरती म्हणत असावं, तसं ऐकू आलं. नवरा तेव्हा पार पलीकडच्या काठाला होता.

आठवडाभर आम्ही रोज पहाटे जात होतो. माझा नियम: एका वेळी एकच बदल. सगळे स्क्रू आवळले, फरक नाही. गेटचा ओरखडा बुजवला, फरक नाही. पंखांची मागची कड बोथट असली की तिथून पाणी सुटताना शिट्टी वाजते असं वाचलं, म्हणून गॅलरीत बसून पॉलिश पेपरने कडा घासल्या. बारीक शिट्टी खरंच गेली. त्यामुळे गुणगुण जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली.

वल्ह्याच्या दांड्याला मोबाइल लावून आवाज टिपला आणि शेजारच्या हार्मोनियमच्या बाईंना ऐकवला.

"काळी चार," त्या म्हणाल्या. "पण वेग वाढला की वर सरकतो. रियाज कमी आहे."

मी तेही लिहून घेतलं.

रविवार उजाडला. नवरा काठावर बोर्ड उलटा ठेवून बसला होता. बाबा आले आणि फाटलेलं जाळं चाचपतात तशी खांबावरून बोटं फिरवू लागले. मध्येच थांबले.

"ताई, हे तंगूस कुणाचं?"

खांबाच्या मागच्या कडेला वरपासून खालपर्यंत नायलॉनचा पारदर्शक दोरा ताणून बसला होता. एकतारीसारखा.

"तुमच्या जाळ्याचा असेल," मी म्हटलं.

"माझी गाठ अशी नसती."

गाठ माझी होती. दसऱ्याला झेंडूची माळ मीच तंगुसात ओवली होती, सुती दोरा तुटतो म्हणून. गॅलरीत वारा फार, म्हणून खांबाच्या दोन्ही टोकांना घट्ट बांधली. फुलं सुकून गळली, मी ती झाडून घेतली आणि वहीत 'पूजा' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. यादीत स्क्रू होते, कडा होत्या, गेट होतं. झालेलं काम मी पुन्हा यादीत घेत नाही.

"लिही," नवरा म्हणाला. "आवाजाचं कारण: धर्मपत्नी."

बाबांनी दोरा दातांनी तोडला. नवरा पाण्यात उतरला. मी वल्ह्याला कान लावला, काहीच नाही. बाबा समाधानाने जाळी बघायला गेले आणि दहा मिनिटांनी खाली वाकलेले असताना नवरा त्यांच्या पाठीमागून, हवेत उभा, हाताच्या अंतरावरून निघून गेला. बाबा होडीत मटकन बसले. वल्हं पाण्यात गेलं. ते मीच काठाकाठाने जाऊन काढलं.

"ह्याच्यापरीस वाजत होतं ते बरं होतं," बाबा म्हणाले.

"मग पुन्हा बांधू?"

त्यांनी माझ्या हातातून वल्हं घेतलं. "वाजू द्या. पण पाण्याच्या वरनं वाजू द्या. मच्छीला नाय, मला ऐकू आलं पाहिजे."

आता रविवारच्या पिशवीची यादी अशी: शीड, टॉवेल, साखर तपासायचं यंत्र, घुंगरू. घुंगरू नवऱ्याच्या उजव्या पायात, आणि गाठ सुती दोऱ्याची.