काकांचं एकुलतं एक वाक्य

अमेरिकेच्या पडद्यावर आमच्या काकांइतक्या वेळा मेलेला मराठी माणूस दुसरा नसेल. काका माझे सख्खे कोणी नव्हेत. मी नागपूरहून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला नोकरीला आलो तेव्हा ते शेजारच्या घरात राहत होते, आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी वरणभात पाठवून नातं पक्कं करून टाकलं. काकांनी उभा जन्म मोटारींच्या ब्रेकची डिझाइनं करण्यात घालवला होता. दोन हजार एक साली मंदी आली आणि कंपनीने त्यांना हार, घड्याळ वगैरे देऊन सन्मानाने घरी बसवलं. दुसऱ्या कोणी अशा वेळी बागेत टोमॅटो लावले असते. काकांनी टाय लावून फोटो काढून घेतला आणि नट पुरवणाऱ्या एका एजन्सीत नेऊन दिला. पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत त्यांना अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं. ते उत्तेजनार्थ होतं हे काकू सांगत, काका सांगत नसत.

तेव्हा टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांच्या हकीकती नट घेऊन पुन्हा करून दाखवण्याच्या मालिका जोरात होत्या. त्यांत दर दोन-चार भागांनी एक दुकानदार मरायचा, आणि दुकानदार म्हटला की एजन्सीला काका आठवायचे. काका गल्ल्यामागे उभे राहत, बुरखाधारी चोर आत येई, काका तोंड उघडत आणि वाक्य येण्याआधी गोळी येई. पण मरायचं तर रंगभूमीला शोभेल असं मरायचं, हा त्यांचा बाणा. छातीवर हात, दोन पावलं मागे, टेबलाचा आधार, वर आकाशाकडे एक नजर, मग गुडघे, मग उरलेले काका. एकदा तो कार्यक्रम इतका लांबला की दिग्दर्शक नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्हाला गोळी डोक्यात लागलीय."

काकू प्रत्येक शूटिंगला डबा घेऊन हजर. कॅमेऱ्याच्या मागे घडीच्या खुर्चीत बसून त्या स्वेटर विणत. नवरा समोर रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असला तरी टाका चुकायचा नाही. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला काही वाटत नाही?" तर म्हणाल्या, "अरे, खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं. मरू दे त्यांना हवं तेवढं." तरीही घरी आल्यावर त्या मीठ-मोहरी-मिरच्यांनी त्यांची दृष्ट काढून सगळं शेगडीवर टाकत, आणि धुराचा अलार्म अख्ख्या गल्लीला कळवी की काका आज पुन्हा मेले.

जिवंत माणसाच्या भूमिका काकांना जड जात. माइकवर त्यांचा विश्वास नव्हता. "मागच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं," असं म्हणून ते गर्दीतला साधा खोकलासुद्धा असा खोकत की आवाजवाला कानावरचे हेडफोन काढून कान चोळत बसे. एकदा त्यांना विमानातला संशयास्पद प्रवासी केलं. ते दिवसच तसे होते. आमच्यासारख्या चेहऱ्यांना विमानतळावर खऱ्या आयुष्यातही तीच भूमिका मिळत असे, त्यामुळे मला ते आवडलं नव्हतं. काका म्हणाले, "बघू तरी, जमतं का." जमलं नाही. संशय त्यांच्या चेहऱ्यावर बसेचना. कॅमेरा सुरू झाल्यावर नायिका बॅग वर ठेवायला धडपडू लागली तसे हे उठले, तिची बॅग नीट लावून दिली आणि "केअरफुल, बेटा" म्हणून परत संशयास्पद बसले. दुपारच्या आत त्यांना घरी पाठवलं.

या सगळ्याचा साक्षीदार मी झालो तो गाडीमुळे. आयुष्यभर ब्रेक केलेल्या माणसाचा पाय ब्रेकवरून निघत नसे. हायवेवर मागच्यांचे हॉर्न ऐकून काका म्हणत, "लोक ओळखतात आपल्याला." शेवटी काकूंनी फर्मान काढलं की शूटिंग असेल तेव्हा मी ड्राइव्ह करायचं. मी कधी सुट्टी काढून, कधी ऑफिसात डेंटिस्टचं नाव सांगून त्यांना नेत असे. माझे दात त्या वर्षांत फारच खराब आहेत असा माझ्या मॅनेजरचा समज होता.

काकांची खंत मला त्या गाडीतच कळली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक हसत विचारायचे, "काय काका, यंदा कोणी मारलं?" काकाही हसायचे. पण एकदा परत येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा बोलायचंय रे. श्रेयनामावलीत दुकानदार, डॉक्टर, रुग्ण असलंच काहीतरी येतं. नाव असलेला माणूस व्हायचंय आणि एक वाक्य बोलायचंय. नुसतं दिसायला काय, भिंतीवरचं घड्याळही दिसतं." मागच्या सीटवर काकूंच्या सुया थांबल्या होत्या.

आणि दोन हजार सातच्या हिवाळ्यात तो माणूस मिळाला. एक तरुण बाई डेट्रॉइटजवळ छोटासा सिनेमा करत होती. त्यात रघुनाथ नावाचे गृहस्थ होते. मुलाशी न पटल्यामुळे ते त्याचं घर कायमचं सोडून निघतात आणि दारात थांबून म्हणतात, "थँक्यू फॉर एव्हरीथिंग." एवढंच. काकांनी हे वाक्य रागाने, प्रेमाने, उपहासाने, दाढी करताना आणि बर्फ उपसताना म्हणून पाहिलं. आमचा पोस्टमन बिचारा रोज आभार स्वीकारून जाई.

शूटिंगच्या सकाळी दिग्दर्शिकेने वाक्य बदललं. थँक्यू फार गोड वाटतं म्हणाली. त्याऐवजी फक्त, "आय ॲम गोइंग."

काका सूटकेस घेऊन दारात आले, वळले, मुलाचं काम करणाऱ्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आय विल कम."

"कट! सर, तो परत येणार नाहीये."

"माहीत आहे मला, मॅडम. सॉरी."

पुन्हा सूटकेस, पुन्हा दार, पुन्हा "आय विल कम." तिसऱ्यांदा तर नुसतेच ओठ हलले. मला हसू आवरेना, आणि मग एकदम आवरलं, कारण काका घामाघूम झाले होते. ते दिग्दर्शिकेला समजावू लागले, "मॅडम, आमच्यात घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात. जातो हे अभद्र. माझी बायको इथे बसलीय, तिच्यासमोर जीभ वळत नाही."

"पण सर, तुम्ही तर टीव्हीवर इतक्यांदा मेलात!"

"ते मरणं खोटं होतं, मॅडम. हे शब्द तोंडाने म्हणायचे आहेत."

बाई भली होती. तिने विचार केला आणि म्हणाली, मग काही बोलूच नका, नुसते निघून जा, तेही चालेल. काका "ओके" म्हणाले. तसं ओके मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. इतक्या वर्षांनी मिळालेलं वाक्य त्यांनी सूटकेसबरोबर खाली ठेवलं.

तेवढ्यात काकूंनी स्वेटर गुंडाळला आणि उठल्या. "म्हणा हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी गाडीत जाऊन बसते. माझ्या कानावर पडलं नाही म्हणजे झालं."

"अगं, बाहेर बर्फ पडतोय."

"म्हणून तर स्वेटर नेतेय. चल रे, किल्ली दे."

त्या गेल्या. कॅमेरा सुरू झाला. काका दारात आले, वळले, आणि या वेळी त्यांनी त्या पोराकडे नाही, त्याच्या पलीकडच्या काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. म्हणाले. हळूच म्हणाले, पहिल्यांदाच हळू. दिग्दर्शिका डोळे पुसत त्यांच्याकडे निघाली तर काका जागेवर नव्हते. रघुनाथांच्या पातळ चपलांत बर्फावरून घसरत ते गाडीपाशी पोहोचले होते आणि काचेवर टकटक करून सांगत होते, "आलो गं, आलो."

पुढल्या वर्षी तो सिनेमा आमच्या जवळच्याच नोव्हाय गावातल्या एका थिएटरात लागला. मंडळातले झाडून सगळे गेलो. काका नवा कोट घालून, काकू नारायणपेठ नेसून. तो प्रसंग जवळ आला तशी माझ्या शेजारी हालचाल झाली. काकू हळूच उठल्या आणि अंधारात बाहेर गेल्या. काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि तेही उठून त्यांच्यामागे गेले. पडद्यावर काका सूटकेस घेऊन दारात आले, वळले आणि बोलले. आमच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. सिनेमा संपल्यावर, ज्या नावासाठी हा सगळा खटाटोप, ते भरभर वर सरकून गेलं.

बाहेर दोघं बाकावर बसून एका पुड्यातले पॉपकॉर्न खात होते. मला बघून काका परीक्षेहून आलेल्या पोरासारखे उभे राहिले. "कसं झालं रे?"

"छान म्हणालात काका. फार छान."

"बघा," काकू म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?"

नंतर माझी नोकरी गेली आणि मी दूर दुसऱ्या राज्यात, कॅरीला आलो. सिनेमाची डीव्हीडी आमच्या दोन्ही घरांत आहे. त्यांच्याकडच्या डीव्हीडीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. काकांचा रविवारी फोन येतो. काकू आत स्वयंपाकघरात गेल्या की ते आवाज खाली आणून विचारतात, "कसं म्हटलं होतं रे मी ते?" मी त्यांना सगळं सांगतो. कसे वळलात, कसे थांबलात, आवाज कुठे कापला, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने नवऱ्याचा हात कसा धरला. ते वाक्य तेवढं मी उच्चारत नाही. तेही कधी ते म्हणून दाखव म्हणत नाहीत.