आमच्या साडूंचा दोन नंबरचा कंट्रोलर

बिघडलेल्या वस्तूवर आमच्या साडूंइतका जीव लावणारा आणि चालू वस्तूवर त्यांच्याइतका संशय घेणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि शेजारच्या परभणीत झाला असेल तर तो त्यांनीच दुरुस्त करून पाठवलेला असणार. परतूरच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं ते फिटर होते. कापसाच्या मशीनची बेअरिंग गरम झाली, की पोळ्या खाता खाता त्यांना ती घरी ऐकू यायची, असं ते सांगतात. मी त्यात भर घालून सांगतो, की बेअरिंग गरम होणार असेल तर आदल्या दिवशीच ऐकू यायची. रिटायर झाल्यावर असा कान रिकामा ठेवणार कसा? त्यांनी भंगारातून एक कॉम्प्युटर उचलला, त्यात एम्युलेटर टाकला आणि तो घरच्या टीव्हीला जोडला. एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरला तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. त्याला दोन वायरवाले कंट्रोलर लावले. गल्लीत सगळे कंट्रोलरला रिमोट म्हणतात. साडूंसमोर मात्र तसं म्हणायची सोय नाही. म्हटलं की चहात साखर कमी पडते.

वास्तविक त्यांना गेम खेळायची फारशी आवड नाही. आवड आहे ती कंट्रोलरचं दुखणं काढायची. कंट्रोलर हातात घेतला की आधी तो कानाशी धरून हलवणार, मग नाकाशी नेणार आणि मग निदान सांगणार, "ह्यानं भजी खाल्लीत." एका कंट्रोलरची दांडी सोडून दिली तरी पडद्यावरचा माणूस आपोआप डावीकडे चालत सुटायचा. मी म्हटलं, नवा घ्या. तर म्हणाले, "पाव्हणं, बैल एका अंगाला वढतो म्हून कुनी बैल बदलतं का? जुवाची शिवळ बदला, शिवळ." आणि खरोखरच त्या दांडीखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याची कातरण सारून त्यांनी त्या माणसाला सरळ केलं. पाहुण्याला ते पाणी विचारायच्या आधी अंगठा विचारतात, तेलकट तर नाही ना म्हणून. आमचे नवे जावई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा "अंगठा दाखवा" असं ऐकून त्यांनी बिचाऱ्यांनी खिशातून आधार कार्डच काढलं.

आणखी एक गोष्ट. जो कंट्रोलर आधी जोडाल तो एक नंबर, मागून जोडाल तो दोन नंबर, असा त्या एम्युलेटरचा कायदा. साडू म्हणतात, हे लग्नातल्या मानपानासारखं आहे. एकदा उठला की जागा गेली. एका रविवारी माझा पाय अडकून वायर निघाली, मी गुपचूप परत खुपसली आणि कुस्तीच्या गेममध्ये अर्धा तास लाल पैलवानाच्या नावानं आरोळ्या ठोकत बसलो. शेवटी साडू शांतपणे म्हणाले, "लाल माझा हाय. तुमचा त्यो निळा, मघाधरनं मार खाऊन राह्यला त्यो."

पण हा सगळा पसारा मांडला कशासाठी, ते सांगायला हवं. साडूंच्या मंडळी म्हणजे माझी थोरली मेव्हणी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला साडूंनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, आणि त्या कुस्तीत अक्का त्यांना रोज लोळवायच्या. दोन वर्षांपूर्वी अक्कांना लकव्याचा झटका आला. चालायला लागल्या, बोलायला तर आधीपेक्षा जास्त लागल्या, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. "चेंडू दाबीत बसायला मी काय पाळन्यातलं लेकरू हाय का?" म्हणून अक्कांनी तो कपाटावर फेकला, तोही डाव्या हातानं. बोटं हलवली नाहीत तर हात असाच राहील, असं डॉक्टर बजावून सांगत होते. तेव्हा साडूंनी ती जुनी कुस्ती हुडकून काढली आणि दोन नंबरचा कंट्रोलर अक्कांच्या मांडीवर ठेवला.

अक्का डाव्या हातानं पैलवान चालवायच्या, पण ठोसा मारायचं बटन उजव्या अंगठ्याखाली. अंगठा त्यावर नुसता टेकायचा. "बटन चालंना," त्या म्हणायच्या. "दे हिकडं," म्हणून साडू लगेच स्क्रू काढायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचे, फुंकर मारायचे, बंद करून द्यायचे. असं दिवसातून चारदा. एकदा मी शहाणपणा केला. एम्युलेटरमध्ये बटनं तपासायचा एक पडदा असतो, बटन दाबलं की त्यावर दिवा लागतो. मी दाबून पाहिलं, दिवा लख्ख. "अहो, बटन तर बराबर…" एवढं म्हणेपर्यंत साडूंची टाच माझ्या पायावर पडली. मी स्टेशनपर्यंत लंगडत गेलो. साडू सोडायला आले होते, तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, दोष बटनावर घातला तर बटनाला वाईट वाटत न्हाई."

असं वर्षभर चाललं. मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेला साडूंनी पाने, पक्कड, सोल्डरिंग आयर्न असं सगळं मांडलं, आणि ओघानं दोन्ही कंट्रोलरही. पूजा अक्कांनी केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी सोनं द्यायला गेलो तर नवरा-बायकोची कुस्ती चालू होती.

"बटन चालंना," अक्का म्हणाल्या.

साडूंनी सवयीनं कंट्रोलर घेतला, स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. पडद्यावरचा पैलवान ढिम्म. पुन्हा दाबला. कंट्रोलर अक्कांच्या हातात परत देऊन ते म्हणाले, "परत दाब बरं."

टक. अंगठा पार खालपर्यंत गेला होता.

"पाव्हणं, आवाज आला का?"

"आला की!"

"खराब हाय!" साडू ओरडले. "बटन खरंच खराब हाय!" ते इतक्या जोरानं ओरडले की समोरच्या घरातली माणसं टीव्ही जळाला समजून बादली घेऊन आली. कंट्रोलर खोलला, तर पूजेचं ओलं कुंकू बटनाखाली जाऊन वाळून बसलेलं. साडू ते कुंकू अंगाऱ्यासारखं चिमटीत धरून सगळ्यांना दाखवत फिरले.

"म्हंजी आजवर बराबर व्हतं," अक्का म्हणाल्या.

साडूंचा आनंद जागच्या जागी थिजला. मी माझे दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले.

"मला काय कळत नव्हतं व्हय?" अक्का म्हणाल्या. "नुसती फुंकर मारून मशीन चालली असती, तर जिनिंगवाल्यांनी तुमाला तीस वर्सं ठिवलं कशाला? बंद करा ते, खेळू."

आता मी गेलो की त्या दोघांची कुस्ती बघत बसतो. अक्कांचा अंगठा रोज तेवढा खाली जातोच असं नाही. तीन-चारदा टेकतो, तेव्हा एखादा ठोसा बसतो. तोवर साडूंचा लाल पैलवान हात खाली सोडून समोर उभा असतो. पडद्यावरचे वेळेचे आकडे उतरत उतरत शून्यावर येतात, कुणीच पडलेलं नसतं, आणि गेम बरोबरी जाहीर करतो.

"मारा की वो तुमी," अक्का चिडतात.

"घाई हाय का तुला?" साडू म्हणतात, आणि पुन्हा नवा डाव लावतात.