एक डोंगा बाहेर

कोणी डिलीटच्या बटणाकडे बोट नेलं, की भाऊ कुठूनही यायचे आणि आपला पंजा आख्ख्या कीबोर्डवर ठेवून द्यायचे. स्क्रीनवर ढीगभर निरर्थक अक्षरं उमटायची, आपण वैतागून वर बघायचो, आणि ते शांतपणे म्हणायचे, "खोडू नोको. पयले जाऊन पाहू."

आता सांगा, कॉम्प्युटरची चूक जाऊन कुठे बघायची? ती कोडमध्ये असते, खुर्चीत बसून सापडते. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच, ज्याच्यापायी दोन मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं आणि ज्याच्यावर धड रागावताही येत नाही. आमच्या वाट्याला भाऊ आले होते.

गोंदियात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. राइस मिल, वजनकाटे, दुकानं यांना लागणारे छोटे प्रोग्राम आम्ही तिघं लिहायचो. मी, पंकज आणि भाऊ. पंकज शहरातला, त्यामुळे निम्मा वेळ हिंदीत. भाऊ पन्नाशीला आलेले, नवेगाव बांधकडच्या एका खेड्यातले. घरी धानाची शेती होती. गोंदियात खोली करून राहायचे आणि शनिवार आला की गावची बस धरायचे.

दुपारचा चहा आला की आमच्या गोष्टी सुरू व्हायच्या. लोक भुताच्या सांगतात, आम्ही कॉम्प्युटरच्या सांगायचो. पंकजची आवडती गोष्ट बारदान्याची. एका दुकानात पोती जितकी विकली जायची तितका साठा वाढतच जायचा, कारण त्याने वजाच्या जागी अधिकचं चिन्ह टाकून ठेवलं होतं. "और सेठ खुश था, दीदी! बोला, रहने दो ना!" माझी प्रिंटरची. माझं एक चिन्ह चुकीच्या ओळीला लागलं आणि प्रिंटरने एकच पावती छापायला घेतली, ती थांबेचना. मालकाने घाबरून प्रिंटरपुढे नारळ फोडला. नेमका तेव्हाच कागद संपला. तो माणूस आजही मला मानत नाही, नारळाला मानतो!

भाऊंच्या गोष्टींना शेवटच नसायचा. दरेकशाकडच्या डोंगरात कुठल्याशा शाळेत त्यांनी हजेरीचा प्रोग्राम बसवला होता. रोज हजेरीत एक मूल जास्त यायचं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, गेलो. वर्गात हुबा राहून मोजले."

"मग?"

"एक जास्तच भरे."

पंकज हसायला लागला आणि अर्ध्यावरच थांबला. "कारण निघालं असेल ना काहीतरी," मी म्हटलं.

"निघालं ना. बेरजेत गडबड होती, दुरुस्त केली." भाऊंनी बशीतला चहा भुर्रकन ओढला. "पन मी तं बोटानं मोजले होते, बाई."

असं काही बोलून ते कामाला लागायचे. आम्ही दोघं मात्र दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

मग ते तलावाचं काम आलं. भाऊंच्या गावाकडच्या एका जुन्या तलावावर मासे धरणाऱ्यांची संस्था आहे. त्यांचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, सकाळी जाळी घेऊन जातात आणि संध्याकाळपर्यंत परततात. प्रत्येक डोंग्यावर रंगाने नंबर घातलेला. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, खोलीत संस्थेचे सचिव बसतात. डोंगा गेला की कॉम्प्युटरवर 'गेला', आला की 'आला' असं दाबायचं. दिवस बुडाल्यावर कोणी यायचं राहिलं असेल तर सचिवांच्या फोनवर मेसेज, म्हणजे माणसं शोधायला निघतील. प्रोग्राम पंकजने लिहिला. छान चालला, फक्त रोज संध्याकाळी एक मेसेज यायला लागला. एक डोंगा बाहेर आहे.

सगळे डोंगे तर काठाला लागलेले!

झालं होतं ते अगदी साधं. संस्थेने दिलेल्या नंबरांत मधला एक नंबर नव्हता. पंकजला वाटलं, लिहिणाऱ्याकडून राहिला. त्याच्या प्रोग्रामने ती जागा भरून रिकामी ओळ तयार केली. कोणताही प्रोग्रामर हेच करतो, आकड्यांत मधेच खिंडार दिसलं की आमचे हात शिवशिवतात. त्या ओळीपुढे कोणी कधी 'आला' दाबलं नाही. आणि 'आला' नाही तो बाहेर, असं प्रोग्रामला आम्हीच शिकवलेलं.

आम्ही हसत होतो, तेवढ्यात सचिवांचा फोन आला. "मॅडम, तुमची मशीन कोनता नंबर दाखवून राहिली, मालूम हाय काय?"

त्या नंबरचा डोंगा घेऊन एक माणूस फार वर्षांपूर्वी पाण्यात गेला होता. तो परत आला नाही. डोंगाही सापडला नाही. तेव्हापासून तो नंबर कोणाला देत नाहीत. नवा डोंगा आला की त्या आकड्यावरून उडी मारून पुढचा घालतात. कोणी ठरवलेलं नाही, पण पाळतात सगळे.

तरी मी म्हटलं, हात्तिच्या, एक ओळ तर उडवायची! बोट बटणापर्यंत नेलं आणि भाऊंचा पंजा कीबोर्डवर येऊन पडला.

शनिवारी मी त्यांच्यासोबत गेले. खरं तर भांडायलाच गेले होते. पाळीवर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सगळे डोंगे काठावर ओढून ठेवले होते. वारा अजिबात नव्हता. तरी तलावाच्या मधोमध पाण्यावर एक रेघ सावकाश सरकत होती, पाण्याखालून कोणी काही ओढत नेत असल्यासारखी. मोठा मासा असेल. मी सचिवांना दाखवायला हात केला, तर ते मान फिरवून खोलीत निघून गेले.

खोलीच्या दारात एक म्हातारी बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. त्या माणसाची बायको. मेसेजची गोष्ट तिच्या कानावर गेली होती, आणि तेव्हापासून ती रोज संध्याकाळी इथे येऊन बसत होती. घरी तिची पोरं रागावत होती, गावातल्या बाया टोमणे मारत होत्या.

"बाबू, तुमची मशीन मनते ते खरं हाय काय?" तिने भाऊंना विचारलं.

भाऊ तिच्यासमोर खाली बसले. "माय, मशीनले काहीच मालूम नाही. मधी जागा सुटली होती, आमच्या पोरानं भरली. बस, तेवढंच."

"तो आला मनते काय ते?"

"नाही."

"मंग मेला मनते?"

"नाही मनत."

"मंग खोटं काय बोलली?" म्हातारीचा आवाज चढला. "गाव मनते, मेला. पोरं मनतात, मेला, पुसून टाक कुकू. कोनी पाह्यला काय मेलेला? गेला आन आला नाही, एवढंच खरं हाय. तुमची मशीन तेवढंच बोलते. तिले गप नोको करू, बाबू."

 

पण सचिवांचंही चूक नव्हतं. रोज खोटा मेसेज यायला लागला, तर खरोखर कोणी बुडत असेल त्या दिवशी लोक उठणारच नाहीत. भाऊंनी तोड काढली. ओळ तशीच ठेवली, पण तिचा मेसेज सचिवांना न जाता फक्त भाऊंच्या फोनवर येईल असं करून घेतलं. म्हातारीला म्हणाले, "तू इथं नोको येत जाऊ, पाळीवरून पडशीन. मी सांगत जाईन."

आणि सांगायला लागले, रोज. ऑफिसात दिवे लागायच्या वेळी त्यांचा फोन वाजायचा, ते मेसेज बघायचे आणि गावाला फोन लावायचे.

"नाही आला, माय."

"बरं बाबू. जेवला काय?"

एवढंच बोलणं. एकदा मी चिडले. "भाऊ, तुम्ही त्या बाईला आशेला लावून राहिले. पाप आहे हे."

"आला नाही मनून सांगतो. आशेचं काय त्यात?" ते म्हणाले. मग फोन खिशात ठेवत, "रोज कोनीतरी इचारलं पाहिजे ना, बाई. जो गेला त्याच्याबद्दल."

हिवाळ्यात भाऊंच्या छातीत कळ आली. नागपूरला नेता नेता वाटेतच ते गेले. ऑफिसात त्यांची खुर्ची आम्ही भिंतीकडे सरकवली आणि चहाला गोष्टी सांगणं आपोआप बंद पडलं. फार आठवण येते त्यांची, खोटं कशाला बोलू?

तेरावं झाल्यावर पंकज म्हणाला, "दीदी, अब वो लाइन हटा दो." तोही रडवेला झाला होता. मलाही पटलं. आता मेसेज बघणारा माणूसच नव्हता. पण म्हातारीला न सांगता ओळ उडवायचा धीर होईना, म्हणून मी तलावावर गेले.

ती दारातच बसली होती. भाऊंचा फोन बंद झाल्यापासून पुन्हा येत होती. मी सचिवांचा कॉम्प्युटर उघडला आणि बाहेर असलेल्या डोंग्यांची यादी काढली.

दोन होते.

एक तो जुना. त्याच्या खाली आणखी एक ओळ, नंबर नाही, नाव नाही. गेल्याची वेळ भाऊ गेले त्या दिवशीच्या संध्याकाळची. आल्याची जागा रिकामी. मी सचिवांना बोलावलं. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि चप्पल घालायचीही शुद्ध न राहता बाहेर गेले. "त्या दिवशी गावात लगन होतं, मॅडम," ते बाहेरूनच म्हणाले. "एकबी डोंगा पान्यात गेला नाही. खोलीले कुलूप होतं."

मी कोड वरपासून खालपर्यंत वाचला. पंकजला फोन करून त्यालाही वाचायला लावला. आज सांगते, त्यानंतरही कितीदा वाचला आहे. अशी ओळ आपोआप तयार होईल असं त्यात काहीच नाही.

"किती दाखवते?" म्हातारीने दारातून विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "दोन, माय," मी म्हटलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले, आणि चेहरा असा निवळला की मी तो विसरणार नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "एकटा होता बिचारा."

माझं बोट डिलीटच्या बटणावरच होतं. मी ते उचललं आणि मेसेजसाठी भाऊंच्या नंबरच्या जागी माझा नंबर घातला.

आता दिवे लागायच्या वेळी माझा फोन वाजतो. मी गावाला फोन लावते आणि सांगते, "दोघंही नाही आले, माय."

"येतीन," म्हातारी म्हणते. "जेवली काय, बाई?"