जिन्याचा दिवा आणि माझ्या चिठ्ठ्या

प्रिय इरा आणि ओंकार,

मामीआजीच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, तेराव्याला तुम्ही दोघं नातवंडंही फोनवर होतात. जेवणं झाल्यावर कोणीतरी नेहमीची गोष्ट काढली: पिशोर या खेड्याहून नवी नवरी आली, तिला विजेची सवय नव्हती, आणि ती जिन्यातला दिवा दिवसभर जळत ठेवायची. सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यात तुमची काही चूक नाही, ही गोष्ट आपल्या घरात साठ-सत्तर वर्षं अशीच सांगितली जाते. मीही ती गप्प बसून ऐकत आले. पण ती खोटी आहे, आणि हे जाणणारं माणूस आता मी एकटीच उरले आहे. म्हणून हे लिहिते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. गुलमंडीजवळच्या गल्लीत आमचं दुमजली घर होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत पेशकार, साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून. आई लवकर गेली होती, घर आत्या पाहायच्या. दादाचं लग्न झालं त्याच वर्षी घरात वीज आली. सगळ्यात नवलाचं होतं ते जिन्याचं काम. जिना भिंतीतून वर जाणारा, अंधारा. मांजर वर जाऊ नये म्हणून त्याला खाली दार होतं आणि ते कायम लोटलेलं असे. दिवा मधल्या वळणावर. त्याला दोन बटनं: एक खाली, दाराच्या बाहेर, दुसरं वर. "नीचे से जलाव, उप्पर से बुझाव," असं मिस्त्रीनं अण्णांना सांगितलं आणि तो आपली शिडी उचलून गेला.

मी तेव्हा तेरा वर्षांची, मिशनच्या शाळेत जाणारी. प्रत्येक गोष्टीवर नाव असावं असं मला वाटे. डब्यांवर, वह्यांवर, कपाटांवर मी चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. बटनं आली तशा त्यांच्या लाकडी पाट्यांवरही डिंकानं चिकटवल्या, "चालू" आणि "बंद". जिन्याच्या बटनांवरसुद्धा. खालचं बटन दाबून पाहिलं, दिवा लागला, त्या बाजूला "चालू" लिहिलं. मालवला, वर गेले, वरच्याचंही तसंच केलं. एकेकदा पाहिलं, दोन्ही बरोबर निघाली. अण्णा खूश झाले. आल्यागेल्याला ते बटनं दाखवायचे, "पोरीचं काम बघा, किती व्यवस्थित आहे!"

अण्णांचा एक नेम होता. कचेरीला निघण्याआधी खालच्या मजल्यावर फिरून (वर मुला-सुनेची खोली, तिकडे ते जात नसत) प्रत्येक बटन "बंद"वर आहे ना ते पाहायचं, नसेल तर करायचं. तो पाळूनही आठवड्यातून दोन-तीनदा तरी संध्याकाळी आत्या पापड आणायला म्हणून जिन्याचं दार उघडायच्या, तर आत दिवा लखलखत असायचा. खालचं बटन "बंद"वर, कारण ते अण्णांनी स्वतः केलेलं. वरचं "चालू"वर. वर राहणार दादा आणि वहिनी. दादाकडे कोण बोट दाखवणार?

"खेड्यातलं माणूस, रॉकेलची चिमणी फुंकून विझवायची सवय," आत्या म्हणायच्या. "हिला बटन काय कळतंय!"

वहिनी म्हणायची, "आत्याबाई, मी मालवूनच खाली आले व्हते." एवढंच. उलट बोलायची रीत नव्हती.

एकदा तिचे वडील पिशोरहून तिला भेटायला आले. आत्यांनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि ही सगळी कथा सांगितली. ते पागोट्याला हात लावून म्हणाले, "लेकराला सवय नाय, चुकलं असंल. सांभाळून घ्या." वहिनी दाराआड उभी होती. मी तिच्या शेजारीच होते… तिचा हात चौकटीवर होता तो मला अजून दिसतो. त्याच दिवशी अण्णांनी हुकूम काढला, सूनबाईंनी बटनाला हात लावायचा नाही. वर जाताना कंदील न्यावा.

तिनं कंदील नेला. आणि चारच दिवसांनी दिवा पुन्हा दिवसभर जळलेला सापडला. आत्या म्हणाल्या, "चोरून लावला असणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या देवळात गेल्या, तशी वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "वन्सं, तुम्ही खाली थांबा. दार उघडं ठेवा. मी सांगंन तसं बटन करा." ती ज्वारीचे दाणे ओच्यात घेऊन वर गेली. मी खालचं फिरवायचं, ती वरचं. दिवा लागला की एक दाणा या पायरीवर, नाही लागला की त्या पायरीवर. दोन बटनांच्या मिळून चारच तऱ्हा होतात. दोन दाणे इकडे पडले, दोन तिकडे. तिनं पुन्हा एकदा तेच सगळं करून पाहिलं. दोन्ही चिठ्ठ्या "बंद" म्हणत होत्या तेव्हा अंधार. दोन्ही "चालू" म्हणत होत्या तेव्हाही अंधारच! एक चालू, एक बंद असलं की उजेड.

तेव्हा कुठं मला कळलं. अशा बटनाला चालूची बाजू नसतेच, ती दुसरं बटन कुठं आहे यावर ठरते. वहिनी असो की दादा, वरून येणारं माणूस नीट मालवूनच खाली यायचं. कधीकधी तेव्हा दोन्ही बटनं "चालू"वर असायची. अण्णा येऊन माझी चिठ्ठी वाचायचे, खालचं "बंद"वर करायचे, आणि लोटलेल्या दाराआड स्वतःच दिवा लावून कचेरीला जायचे.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"मला कुठं वाचता येतंय? मी बटनाकडं बघतच नाय, दिव्याकडं बघते." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमचं अक्षर मात्र लई गोड हाय, वन्सं."

ती अण्णांना सांगणार, हे उघड होतं. मी रडू लागले. मला हैदराबादला वसतिगृहात ठेवून पुढं शिकवायचं की लग्न करून द्यायचं, हे अण्णा त्याच महिन्यात ठरवणार होते, आणि आत्या विरुद्ध होत्या. "माझी चूक कळली तर ते मला नाही पाठवणार," मी म्हणाले. वहिनीनं पायऱ्यांवरचे दाणे ओंजळीत गोळा केले. मग म्हणाली, "जावा तुम्ही. माझ्यापाशी कंदील हाय."

त्यानंतर रोज पुसापुशी करताना ती जिन्याच्या त्या चिठ्ठ्यांवरून ओलं फडकं फिरवायची. एका दिवशी थोडंच. पंधरा-वीस दिवसांत शाई पसरली, कागद सोलला. अण्णा म्हणाले, "डिंक पातळ झाला असेल." वाचायला चिठ्ठी उरली नाही, तेव्हा त्यांना सकाळी दार उघडून दिव्याकडंच पाहावं लागलं. दिवा जळत राहणं थांबलं. आत्या शेजारणीला सांगत होत्या, "लागलं बाई एकदाचं वळण सुनेला." वहिनी तिथंच भाकरी थापत होती.

मी हैदराबादला गेले, इंग्रजी शिकले, मास्तरीण झाले. तुम्ही आज जिथं आहात त्याची सुरुवात तिथली आहे. अण्णांना मी कधीच सांगितलं नाही. आधी भीती होती, नंतर वेळ निघून गेली असं स्वतःला समजावलं.

वहिनी जायच्या महिनाभर आधी मी तिच्या खाटेजवळ बसले होते. म्हटलं, "वहिनी, चिठ्ठ्यांचं सगळ्यांना सांगून टाकणार आहे मी."

ती हसली. "आता? अण्णा व्हते, आत्याबाई व्हत्या, तवा नाय सांगितलं. आता कोण ऱ्हायलंय तुम्हाला रागवायला?" मी तिचं पांघरूण सारखं केलं. मग तीच म्हणाली, "सांगायचं तर पोरांना नीट सांगा. चारी तऱ्हा सांगा. नाय तर त्यांना कळायचं नाय."

म्हणून चारी सांगितल्या.

परवा भाच्याकडे, आपल्या त्याच जुन्या घरी गेले होते. जिन्यातल्या तारा नव्या आहेत, वरचं बटन नवं आहे. खालचं मात्र तेच जुनं, गोल, पितळी टोपीचं, आणि अजून चालतं. त्याच्या लाकडी पाटीच्या कोपऱ्यात नखाएवढा कागद चिकटून राहिला आहे. त्यावरची शाई पुसट झाली आहे, पण "बंद"मधला "द" वाचता येतो. अक्षर माझं आहे.