बेरजेचा त्रिकोण होत नाही

निवृत्त झाल्यापासून मी प्रताप नगरच्या घरी चार-पाच मुलांना फिजिक्स शिकवते. त्याला क्लास म्हणवत नाही, कारण सगळं जेवणाच्या टेबलावर चालतं आणि मधेच कुकरची शिट्टी होते. त्यातली एक मुलगी हुडकेश्वरहून यायची. वडील हिंगण्याच्या कंपनीत कामाला. दुपारच्या शिफ्टला जाताना तिला माझ्या फाटकाशी सोडत. अकरावीच्या सहामाहीत ती फिजिक्समध्ये सपशेल आपटली होती. वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मॅडम, वार्षिक परीक्षेत निघाली तर ठीक, नाहीतर आर्ट्सले टाकून देतो. उगाच काहून पोरीचे हाल?" तिला सायन्सच हवं होतं, पण वडिलांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

पोरगी आळशी असती तर काम सोपं होतं. ही मरमर अभ्यास करायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत. प्रश्नच कळला नाही की मुलं त्यातले आकडे उचलतात आणि सूत्र हुडकत सुटतात. त्यात नववीत शिकवलेली त्रिकोणाची युक्ती. वर अंतर, खाली वेग आणि वेळ; जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलं ते उत्तर.

मी तिला गणित घातलं. सेकंदाला बारा मीटर वेगाने जाणारी मोटरसायकल ब्रेक मारल्यावर चार सेकंदांत थांबते, तर त्वरण किती? तिने बरोबर सूत्र आठवलं, शेवटचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ, आणि त्याचाही त्रिकोण काढला. वर शेवटचा वेग, खाली बाकीचे दाटीवाटीने. त्वरणावर बोट ठेवून भागाकार केला. शेवटचा वेग शून्य, म्हणून उत्तरही शून्य. त्याखाली ऐटीत दोन रेघा ओढल्या.

"म्हणजे ब्रेक लागलाच नाही. मग गाडी थांबली कशी वं?"

ती पुन्हा त्रिकोणावर बोट ठेवून बघू लागली. त्या सूत्रात बेरीज आहे आणि बेरजेचा त्रिकोण होत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिचं पेन काढून घेतलं.

"सूत्र सोड. बाबांनी ब्रेक मारला की गाडीचं काय होतं?"

"हळू होते."

"दर सेकंदाला किती हळू?"

ती बराच वेळ पुटपुटत राहिली. "बाराचे शून्य झाले, चार सेकंदांत... तीन?"

"तीनच. वेग कमी होतोय म्हणून उणे तीन. झालं गणित."

तिचा चेहरा पडला. "पण मॅडम, फॉर्म्युला तर लावलाच नाही. असं चालते का?"

मला हसू आलं आणि तितकाच संतापही. तिच्यावर नाही, तिला सूत्राची घाई लावणाऱ्या आम्हा सगळ्या शिक्षकांवर.

तेव्हापासून एकच शिस्त ठेवली. आधी काय घडतंय ते आपल्या बोलीत सांगायचं, मग चित्र, मग सूत्र. ती फार हळू होती. इतर मुलांची तीन गणितं व्हायची तेव्हा हिचं एक. मी कितीदा तरी चिडले, पण उत्तर मात्र सांगितलं नाही.

वार्षिक परीक्षेत वेळ पुरला नाही, शेवटचे दोन प्रश्न राहिले. पास झाली, पण काठावर. निकाल घेऊन बापलेक घरी आले. वडील हेल्मेट हातातच धरून उभे राहिले.

"मॅडम, खरं सांगा. एवढ्याशा मार्कांत बारावी निघंल का हिच्यानं? का आताच आर्ट्सले टाकू?"

मी तोंड उघडलं, पण तीच बोलली.

"निघंल, बाबा. मले वेळ लागते. पण आता समजून राहिलं मले."

वडील तिच्याकडे वळले. तिचा इतका मोठा आवाज त्यांनी ऐकला नसावा. मीही नव्हता ऐकला.

"मंग मले काय सांगतं?" ते म्हणाले. "मॅडमले विचार, उन्हाळ्यात कधीपासून येऊ."