ऊन दाखवलेला कागद

माझे बाबा हवाई दलात फिटर होते. निवृत्त होताना त्यांनी सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं एक विमान आणलं होतं. अकोल्याच्या घरी ते कपाटावर वर्षानुवर्षं खोक्यातच पडून राहिलं. हातांचा कंप आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे बाबांनी खोका खाली काढला. माणसाला हौस आठवते तीही कोणत्या वेळेला! हिवाळाभर टेबलावर कोपरं टेकवून त्यांनी भाग चिकटवले, राखाडी रंग दिला. उन्हाळा लागेपर्यंत बरा असलेला उजवा हातही थरथरू लागला आणि खुणा लावायच्या राहिल्या.

खुणा म्हणजे पंखांवरचे तिरंगी गोल आणि शेपटीवरचा पट्टा. त्या एका कागदावर छापलेल्या असतात. कागद पाण्यात भिजवला की वरचा पातळ पापुद्रा सुटतो, तो अलगद सरकवून विमानावर बसवायचा. हे मी अमरावतीहून येऊन करून द्यावं, असं बाबांनी फोनवर सांगितलं. "एवढं एक काम पुरं होऊ दे माह्या हातचं. मंग थरथरू दे हात, किती थरथरायचे ते."

मी रविवारी गेले. खोक्यातला कागद हातात घेतला तर पापडासारखा कडक. आई स्वयंपाकघरातून कौतुकाने म्हणाली, "पिवळा पडला होता वं तो, वासही येऊन राहिला होता. कुरडयाईसंगं गच्चीवर टाकला, चांगलं दोन दिवस ऊन दाखवलं."

मे महिन्यात आई गाद्या, मिरच्या, डाळी, माझी जुनी पुस्तकं, सगळ्यालाच ऊन दाखवते. आणि अकोल्याचं ऊन ते! मला तिचा असा राग आला की तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. बाबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. "कर सुरू," एवढंच म्हणाले.

पहिला गोल पाण्यात पडल्या पडल्या फुटला. दुसरा कसाबसा पंखापर्यंत आला आणि ब्रशखाली त्याचे तुकडे झाले. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वाटीतल्या पाण्यात केशरी-हिरव्या कपच्या तरंगत होत्या.  बाबांनी एखादी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेपटीचा पट्टा तेवढा उरला तेव्हा ते म्हणाले, "हा मले लावू दे." मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यांची थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. पट्टा शेपटीला लागला, क्षणभर नीट दिसला आणि त्यांच्याच बोटाखाली त्याचा भुगा झाला. बाबांनी तो हात मांडीखाली दाबून ठेवला. माझा धीर सुटला. आता काहीच, अगदी काहीच सावरता येणार नाही असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

आई बाहेर आली, वाटीत डोकावली. "असं कावून झालं? माह्यामुळं तं नाही?"

"नाही वं," बाबा म्हणाले. "लय जुनं होतं ते. तू ऊन दाखवलं म्हणून एवढं तरी निघालं."

आईला ते पटलं. निघताना बाबांनी ते कोरं विमान खोक्यात घालून माझ्याकडे दिलं आणि हळूच म्हणाले, "घेऊन जाय अमरावतीले. मले दिसाले नको." मूर्तिजापूर येईपर्यंत मी बसमध्ये खोका मांडीवर घेऊन रडत होते. शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीची जागा दिली.

परवा आईचा फोन आला. टीव्हीशेजारी विमानासाठी जागा करून ठेवली होती, तिथे आता तिने बाबांच्या गोळ्यांचा डबा ठेवलाय.

"तुह्या बाबानं मोठ्या हौसेनं देलं तुले ते विमान, नीट ठेव," ती म्हणाली. "अन् पावसाळ्यात ओल धरली तं जरा ऊन दाखवजो वं."

"हो," मी म्हणाले.