डोक्यामागे पोचलेला हात

आज आरशात माझा उजवा हात डोक्यामागे गेलेला दिसला आणि क्षणभर तो मलाच परका वाटला.

कितीतरी दिवस हा हात छातीच्या वर जात नव्हता. खांद्याचा सांधा पार झिजला होता. झोपेत कूस बदलली तरी कळ यायची. तेव्हापासून शेजारच्या सुमनताई रोज माझी वेणी घालून द्यायच्या. दिवेलागणीला केस विंचरायचे नाहीत, म्हणून त्या चहाच्या वेळीच यायच्या. फणी गुंत्यात अडकली की थांबून विचारायच्या, "दुखलं का हो?" मी "नाही" म्हणायचे आणि त्यांच्या सुनेची गोष्ट पुढे सुरू व्हायची.

मग ऑपरेशन झालं, कृत्रिम सांधा बसला. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी हट्टाने केला. गेल्या आठवड्यात सुमनताईंसमोरच वेणी घालून दाखवली, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. "सुटलात बाई एकदाच्या!" म्हणाल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. यावं तरी कशाला? माणसं एकमेकांकडे जातात ती काही अडलं म्हणूनच. धडधाकट बाईचं दार कुणी काय म्हणून वाजवावं? आणि मी तरी काय सांगून बोलावू?

आज उन्हं उतरायच्या आत केस विंचरायला बसले. खांदा जराही कुरकुरला नाही. मानेजवळच्या गुंत्यात फणी अडकली, तशी मी थांबले आणि सवयीने "नाही" म्हणाले.

कुणी काही विचारलंच नव्हतं.